चाबी लपवली, याचे इंग्रजी

मु. आपलेच घर, ता. अर्जुनी मोरगाव
मंडईच्या जत्रेआधीचा सोमवार

आदरणीय भैयाजी यांना चैतरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमची प्रकृती ठीक असेल असे धरून चालतो. डोळ्याच्या ऑपरेशननंतर आता अक्षर दिसू लागले असेल, तेव्हा हे पत्र तुम्ही स्वतः वाचावे, रिंकूसूनबाईला वाचायला देऊ नये. (सूनबाई गुणाची आहे, पण तिला एखादी गोष्ट कळली की संध्याकाळपर्यंत ती साऱ्या सोयऱ्यांच्या ग्रुपवर असते, आणि खाली हसणारी तोंडे.) व्हॉट्सॲपवर लिहिले नाही ते याच कारणाने. फोन केला नाही, कारण आमच्या घरी रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, आणि ज्यांच्याविषयी बोलायचे त्या, म्हणजे तुमच्या धाकट्या बहीण मंदाबाई, तिथेच बसलेल्या असतात. (सध्या मी त्यांना मनातसुद्धा अहोजाहो करतो, तेच बरे पडते.) वहिनींच्या गुडघ्यांना तेल लावणे चालू आहे ना? आमच्याकडे सर्व कुशल आहे. धान कापून, चुरून घरात आले. गाय व्याली. फक्त मी उपाशी आहे. म्हणजे दोन्ही वेळा जेवतो, पण उपाशी आहे. कसा ते पुढे येईलच.

मागे आमच्या गावच्या रूपेशने तुम्हाला फोन करून विचारले होते की चाबीबद्दल माफी मागायची तर इंग्रजीत कसे लिहावे, आणि तुम्ही कारण न विचारता 'काइंडली एक्स्क्यूज द की अँड ओब्लाइज' असे सांगून फोन ठेवला होता. उभी नोकरी सरकारी पत्रे लिहिण्यात गेली, म्हणून तुमचा शब्द आम्ही खाली पडू देत नाही. पण त्या वाक्याने काम झाले नाही. उलट त्यानंतर अशी वाक्यांची रांग लागली की माझ्या नाकी नऊ आले. म्हणून आता सारे पहिल्यापासून सांगतो.

तुम्हाला ठाऊक आहेच की आम्ही गोठ्याच्या पलीकडे दोन खोल्या बांधल्या, तलावावरचे पक्षी आणि जंगल पाहायला येणाऱ्या शहरी लोकांसाठी. (गोठा तिथून हलवा, असे तुम्ही म्हणाला होता. नाही हलवला. पाहुणे पक्ष्यांपेक्षा गाईचेच फोटो जास्त काढतात, कारण ती जागची हलत नाही.) त्याच रूपेशचे अर्जुनीला ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान आहे. त्याने त्या खोल्या मोबाइलवरच्या एका कंपनीत चढवून दिल्या. तेव्हापासून लोक येत होते, राहत होते आणि जात होते, आणि मंदाबाई त्यांना रांधून घालत होत्या. हा धंदा आहे, असे मी त्यांना रोज सांगत होतो. हे पाहुणे आहेत, असे त्या मला रोज सांगत होत्या. दोघांचेही बरोबर होते, आणि तिथूनच सारी भानगड सुरू झाली.

दिवाळीनंतर बंगलोरहून हेमेंद्र नावाचे एक साहेब आणि त्यांच्या मिसेस टीना मॅडम आल्या. माणसे चांगली, हळू बोलणारी, पण जेवणाच्या बाबतीत अगदी निकामी. सोबत डब्यात कसला तरी भुसा आणला होता, तो दुधात भिजवून खायचे आणि पक्ष्यांच्या मागे जायचे. संध्याकाळी चिमणीएवढा भात. पहिल्या दिवशी मंदाबाईंनी उरलेले झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारले की त्यांच्या हाताच्या स्वयंपाकाला काही वास येतो का. मी म्हटले, शहरातली माणसे अशीच खातात. त्यांचा विश्वास बसला नाही. तिसऱ्या दिवशी पाहुणे निघणार, तर या कोंबड्याआधी उठल्या, उडीद वाटले, आणि वडे, कढी, कोचईच्या पानांची भाजी, नव्या तांदळाची खीर असा पहिल्या दिवाळीला जवई यावा तसा स्वयंपाक मांडला. तेवढ्यात पाहुणे बॅगा घेऊन अंगणात आले, थँक यू आंटी म्हणाले, आणि नागपूरचे विमान गाठायचे आहे, जेवायला वेळ नाही, असे सांगून मोकळे झाले.

पुढचे काय झाले असेल ते तुम्हाला सांगायची गरज नाही, कारण ही रीत तुमच्याच घरून इकडे आली आहे. माझ्या साक्षगंधाला आमचे मामाजी 'उशीर झाला, पुढल्या वेळी जेवू' म्हणत बंडीत जाऊन बसले, तेव्हा तुमच्या आईने बैल सोडून चरायला हाकून दिले होते. मामाजी जेवले, दुपारी झोपले, रात्री पुन्हा जेवले, आणि मरेपर्यंत 'सोयरे करावे तर असे' म्हणत राहिले. लग्न झाल्यापासून आमच्या घरीही कोणाची पिशवी लपते, कोणाची छत्री लपते. लपवणाऱ्याला लाज नाही आणि ज्याची लपली त्याला राग नाही. उलट कोणाला तसेच जाऊ दिले तर तो बाजारभर सांगत फिरतो की चैतरामच्या घरी मला कोणी थांब म्हटले नाही. तीच रीत बंगलोरवाल्यांना लागू झाली. साहेब डिक्कीत बॅगा लावत होते, ओट्यावर गाडीची चाबी ठेवली होती. मंदाबाईंनी ती उचलली, पदराखाली घेतली आणि आत जाऊन धानाच्या कोठीत टाकली.

एरवी यात काही बिघडले नसते. पाहुणा हसतो, हात धुतो, पाटावर बसतो, चाबी बाहेर येते. पण साहेबांनी आधी खिसे पाहिले, मग गाडी पाहिली, मग गाईच्या पायाजवळ पाहिले. मंदाबाई वड्यांचे ताट घेऊन दारात हसत उभ्या होत्या आणि आपल्या भाषेत सांगत होत्या. त्यांना काय म्हणायचे आहे हे साहेबांना कळावे म्हणून मी ते हिंदीत करून दिले, 'पहले खाना, फिर चाबी.' (मी हे प्रेमानेच म्हटले होते, पण माझा आवाज मुळात जाड आहे.) साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, ठीक है, ठीक है, आणि ताटासमोर बसले. तेव्हा मंदाबाई चाबी आणायला गेल्या, तर चाबी नाही. नवे धान, भुसभुशीत, चाबी सरकत सरकत तळाला गेलेली. मग मी, मंदाबाई आणि साहेब, तिघांनी टोपल्या टोपल्या धान अंगणात काढले. साहेबांच्या बाह्यांत तूस गेले. टीना मॅडम मात्र एकट्या भिंतीला टेकून वडे खात बसल्या होत्या, आणि खीर दुसऱ्यांदा मागून घेतली. चाबी सापडली तेव्हा विमान निघून गेले होते.

दोन दिवसांनी साहेबांनी कंपनीच्या पानावर आमच्याविषयी लिहिले. रूपेशने वाचून दाखवले. घरमालकाच्या पत्नीने आमच्या गाडीची चाबी लपवून ठेवली, जेवल्याशिवाय मिळणार नाही असे आम्हाला सांगण्यात आले, आमचे विमान चुकले. शेवटी एक ओळ, जेवण उत्तम होते. भैयाजी, यातला एक शब्द खोटा नाही, तरी ते ऐकताना मलाच वाटले की आता पोलिसांची गाडी दारात येईल. मंदाबाईंनी मात्र सारे शांतपणे ऐकून एवढेच विचारले, की उत्तम म्हणजे वडे की खीर. त्याच संध्याकाळी कंपनीने आमच्या खोल्या बंद केल्या आणि कळवले की नेमके काय घडले ते इंग्रजीत एका वाक्यात लिहून द्या, पटले तर खोल्या पुन्हा उघडू. एकच वाक्य का, असे मी रूपेशला विचारले. तो म्हणाला, चौकोन तेवढाच आहे.

आता एक वाक्य म्हणजे किती मोठे काम, असे मला वाटले होते. धाकट्या भावाची चंचल सडक अर्जुनीच्या कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवते, तिला रविवारी बोलावले. पोरीने चहा पिता पिता वाक्य करून दिले, 'माय वाइफ हिड द की.' माझ्या बायकोने चाबी लपवली. मी विचारले, बरोबर आहे? म्हणाली, बरोबर आहे मोठेबाबा. पण ते मला फार कबुलीजबाबासारखे वाटले. मग तिने ते उलटे केले, 'द की वॉज हिडन बाय माय वाइफ.' यात बायको शेवटी येते, तिथपर्यंत वाचणारा कंटाळला तर बरेच. हेही बरोबर. मग तिने शेपूट तोडले, 'द की वॉज हिडन.' चाबी लपवली गेली, कोणी ते नाहीच. मी म्हटले, हे चुकीचे असणार. म्हणाली, अगदी बरोबर आहे. मग आणखी एक, चाबी जागेवर नव्हती. बरोबर. आणखी एक, झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, यात तर खेद कोणाला झाला तेही नाही. तेही बरोबर. तुमचे 'काइंडली' तिला दाखवले, म्हणाली हेही बरोबर आहे, फक्त यात माफी चाबीला मिळते. भैयाजी, शाळेत आमच्या वेळी एक वाक्य बरोबर असायचे आणि बाकीच्यांवर छडी बसायची. या पोरीला सारेच बरोबर वाटते. मी वैतागून विचारले, मग मी लिहू कोणते? म्हणाली, तुम्हाला काय म्हणायचे आहे त्यावर आहे. आता मला काय म्हणायचे आहे हे मला माहीत असते तर मी तिला बसच्या गर्दीतून बोलावले असते का?

म्हणून त्याच दुपारी कोहमाऱ्याला गेलो. तिथे बकाराम नावाचा माझा जुना वर्गमित्र एका ट्रान्सपोर्टमध्ये मुनीम आहे. हायवेवर गाडी कुठे ठोकली की विम्याला इंग्रजीत तोच लिहून देतो. ढाब्यावर बसून त्याने चंचलची सारी वाक्ये पाहिली आणि तिसऱ्यावर बोट ठेवले. त्याचे म्हणणे असे, की लिहिण्यात माणूस ठेवूच नये. ट्रक ठेवावा, रस्ता ठेवावा, धुके ठेवावे, चाबी ठेवावी, पण माणूस दिसला की समोरचा प्रश्न विचारतो. (त्याच्या कागदांत म्हणे आजवर एकही ड्रायव्हर नाही, ट्रक आपापले चालतात.) मला ते पटले. आपल्याकडे कोणी म्हटले की चाबी लपवल्या गेली, तर ऐकणारा लगेच विचारेल, कोणं लपवली? इंग्रजी साहेब तसे विचारत नाही, त्याला ते पुरे वाटते. ही सोय मला फार आवडली. परतताना मला वाटले की मी बायकोवर उपकार करून चाललो आहे.

घरी आलो तर चंचल अंगणात बाजेवर बसलेली, पुढच्या बसची वाट पाहत. मी तिला तिसरे वाक्य पक्के करायला सांगितले. मंदाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी चंचलला विचारले की या एवढ्या इंग्रजीत मी कुठं आहो. चंचलने मोबाइलवर दाखवले, मोठीआई, पहिल्यात तुम्ही इथे, दुसऱ्यात इथे शेवटी. आणि जे चालले आहे त्यात? चंचल माझ्याकडे पाहू लागली. तेव्हा मीच, मोठ्या शहाणपणाने, सांगितले की यात तुम्हाला कुठेच येऊ दिले नाही, अगदी मोकळे सोडवले. मंदाबाईंनी चहाचा कप बाजेवर ठेवला.

"चाबी मी लपवली," त्या म्हणाल्या. "साऱ्यायसमोर लपवली. चोरी नाई केली. तुमी मले कायले लपवून राहिले?"

मी म्हटले, अहो, हे नुसते इंग्रजी आहे. तर म्हणाल्या, "मंग मराठीत काय सांगसान?" तेवढ्यात चंचलची बस आली आणि ती गेली, जाताना तिनेसुद्धा माझ्याकडे नीट पाहिले नाही.

त्या दिवसापासून या घरातला आग्रह बंद आहे. भांडण नाही, रडणे नाही, माहेरी जाते म्हणणे नाही. ताट वेळेवर येते, भरलेले येते, मीठ बरोबर असते. पण वाढले की मंदाबाई आत जातात. आणखी घ्या नाही, एवढ्यात झाले का नाही, माझी शपथ आहे नाही. आता तुम्ही म्हणाल, भूक असेल तर मागून घ्यावे. भैयाजी, लग्न झाल्यापासून मी या घरात कधी मागितले नाही, मागायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. मी फक्त नको म्हणत आलो, आणि नको म्हणत म्हणत पोट भरत आले. आता नको म्हणायलाही समोर कोणी नसते. परवा मुद्दाम न जेवता कपडे घालून, दारात दोनदा खोकून, अर्जुनीला चाललो असे सांगितले. आतून आवाज आला, "या." गेलो आणि बसस्टँडवर उभ्याने भजी खाल्ली. गावालाही कळू लागले आहे. पोस्टमन नुसत्या चहावर परत गेला, तर त्याने शेजारी विचारले म्हणे, घरात कोणी आजारी आहे का.

तर सांगायचे ते असे, की तुम्ही एवढी पत्रे लिहिली, त्या अनुभवातून मला एक वाक्य पाठवा. कंपनीला पटावे, पोलीस येऊ नयेत, मंदाबाई त्यात ठळक दिसाव्यात पण गुन्हेगार दिसू नयेत, वडे यावेत, जमल्यास खीरही यावी, आणि ते चौकोनात बसावे. चंचलला विचारले, असे वाक्य होते का. म्हणाली, होते, तेही बरोबरच असेल.

वहिनींना नमस्कार, रिंकूसूनबाईला आशीर्वाद (पण पत्र देऊ नये).

तुमचा जवई,
चैतराम

ता. क. वाक्य पाठवायचे कष्ट घेऊ नका. काल रूपेशच्या दुकानात जाऊन मी चंचलचे पहिलेच लिहायला लावले, माय वाइफ हिड द की, आणि पुढे जोडले की पाहुणे उपाशी निघाले होते आणि आमच्या घरून कोणी उपाशी जात नाही. रूपेश म्हणाला, काका, बायकोला पुढे करता का? मी म्हटले, तीच पुढे होती, मी मागे उभा होतो. चंचलला फोनवर वाचून दाखवले. बरोबर आहे म्हणाली. कंपनीचे उत्तर आले की तुमचे म्हणणे मिळाले, विचार चालू आहे. खोल्या उघडतील न उघडतील, माझे डोके आता त्यात नाही.

आणखी एक. काल घरी येऊन काय लिहून पाठवले ते मंदाबाईंना मराठीत सांगितले. त्या बरं म्हणाल्या, आणि ताट वाढून आत गेल्या. तेव्हा तुमच्याकडे माझे खरे काम आहे ते हे. मंडईला या. जेवायला बसा, अर्ध्यात उठा आणि मोठ्याने म्हणा की गोंदियाची गाडी चुकते. भूक असली तरी उठा. तुम्ही तिचे भाऊ आहात, तुम्हाला ती तसे जाऊ देणार नाही. या घरात तिच्या तोंडून 'थांबा' एकदा ऐकू आले पाहिजे, मग ते तुमच्यासाठी का असेना. मला फार सुने वाटते.

शेवटचे. आज सकाळी हे पत्र टपालात टाकायला निघालो, तर दारात माझी एकच चप्पल आहे. दुसरी ओट्याखाली नाही, गोठ्यात नाही, कुत्र्यानेही नेलेली नाही, कारण कुत्रे स्वयंपाकघराच्या दारात शेपूट हलवत बसले आहे. चप्पल नवी होती. मी बऱ्याच मोठ्या आवाजात विचारले की हा काय प्रकार आहे, माणसाला काही कामे असतात की नाही. आतून तुमच्या बहिणीने सांगितले, "वडे थंडे होऊन राहिले." तेव्हा पत्र आता जेवण झाल्यावरच निघेल.